गालावरचा तीळ

शिळाछापखान्यात त्याला सगळे उलटेबुवा म्हणत. साप्ताहिकातली चित्रं तो दगडावर काढी, आणि दगडावरचं कागदावर उलटं उमटतं, म्हणून सारं जग त्याला उलटं काढावं लागे. मोटारीतल्या नटव्या बायका, शर्यतीला आलेले ढेरपोटे शेठ, टोपी उचलणारे साहेब. बावीस वर्षांत त्याने एकाही साहेबाला डाव्या हाताने टोपी उचलू दिली नाही!

त्या आठवड्यात हिवाळ्यातल्या शहराचं चित्र हवं होतं. त्याने धर्मादाय दवाखान्यापुढची दुधाची रांग काढली, आणि टोकाला आईची शाल गुंडाळलेली आपली सात वर्षांची लेक उभी केली. संपादकांनी दगड पाहून नाक मुरडलं. रविवारी चहाबरोबर असली तोंडं कोणाला हवीत, म्हणाले. हा घासायला टाका आणि शर्यतीचे घोडे काढा. वाळू-पाण्याने घासला की दगड पुन्हा कोरा. असे शेकडो पुसले गेले होते, त्याला काही वावगं वाटलं नाही. निमूट घोडे काढायला बसला.

गुरुवारी पोरीला ताप भरला आणि रविवारी ती गेली.

घरात तिचा एक फोटो नव्हता. काढू, काढू म्हणत राहून गेला. अख्ख्या शहराची तोंडं रेखाटणाऱ्याच्या घरी लेकीची एक रेघ नाही, आता काय म्हणावं! बायको भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "मला तिचं नाक आठवेना हो."

तेव्हा कुठे त्याला दगड आठवला. तसाच अनवाणी धावत सुटला. छापखान्यात पोचला तोवर घासणाऱ्याने अर्धी रांग पुसली होती, टोकाची लेक तेवढी शाबूत होती. हा त्या ओल्या दगडावर आडवाच पडला. घासणारा जुना माणूस, समजला. वाळू धुतली, शाई लावली, एक कागद काढून दिला. दुपारी त्या दगडावर नवं चित्र काढायचं होतं, म्हणून उरलेली रांगही पुसून टाकली.

बायको इतक्या दिवसांत पहिल्यांदा उठून बसली. कागद पाहिला आणि खाली ठेवला.

"ही आपली नाही. तिचा तीळ डाव्या गालावर होता."

त्याने कागद उचलून पाहिला. रांगेतले बाकी सगळे बिनचूक उलटे काढले होते. लेकीला मात्र छापखान्यात समोर बसवून काढताना, मेल्या हाताने ती दिसली तशी काढली, म्हणून कागदावर तीच उलटी उमटली. आता सुधारायचं कुठे? दगड गुळगुळीत झालेला. आठवून काढायला बसला, तर प्रत्येक कागदावर कोणाची तरी गोड पोर, साबणाच्या जाहिरातीतली. एकेक फाडत गेला आणि डोकं धरून बसला.

मागे काहीतरी सरकलं म्हणून त्याने वळून पाहिलं. बायको भिंतीवरच्या आरशासमोर उभी होती. कागद तिने छातीशी धरला होता, चित्र आरशाकडे. आरशात तिच्या हनुवटीखाली लेक होती, तीळ डाव्या गालावर.

बराच वेळ ती तशीच उभी राहिली. तिचे हात भरून आले.

"आता तुम्ही धरा," ती म्हणाली. "खाली घेतला की जाते ती."