कवळीताई आणि बुजलेली फट

कवळीताईंना हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही. एकोणतीस वर्षं त्या लोकांचे दात बनवतात. दवाखान्यात नव्हे, दवाखान्यामागच्या गल्लीत, एका खिडकीच्या खोलीत. डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा येतो, त्यावर पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा असतो. त्या आकड्यासाठी ताई मेणात दात रचतात, घासूनपुसून अख्खी बत्तिशी परत पाठवतात. पुढे ती कुणाच्या तोंडात जाते, काय खाते, कुणाशी भांडते, त्यांना कळत नाही. इतक्या वर्षांत एकाही आकड्याने येऊन "बाई, छान बसली हो" म्हटलेलं नाही. "तक्रार आली नाही म्हणजे बसली," असं त्या हसून सांगतात. पण वाईट वाटायचं ते वाटायचंच.

मागच्या वर्षी चारशे बारा नंबरचा साचा आला. दात काढून टाकण्याआधी घेतलेला. पुढच्या दोन दातांत ही एवढी फट, आणि उजव्याचा कोपरा उडालेला. "बिचारा! जन्मभर तोंडावर हात ठेवून हसला असेल," असं म्हणत ताईंनी मन लावून काम केलं. फट बुजवली, कोपरा भरला, ओळ अशी सरळ लावली की कवायतीला उभी करावी.

दोन महिन्यांनी डॉक्टर जाताजाता म्हणाले, "ताई, तो चारशे बारा आठवतो? अहो, गाणारा माणूस आहे. गाणारा म्हणजे काय, नुसती आरडाओरड. पंक रॉक की काय म्हणतात ते." आणि त्यांनी बँडचं नाव सांगितलं.

ताईंच्या हातातलं मेण हातातच थिजलं.

आता खरं सांगायचं तर या बाईकडे पाहून कुणाला पटणार नाही, पण एकोणिसाव्या वर्षी तिच्याकडे एकच कॅसेट होती आणि ती याच बँडची होती. तीन-चार सूर, ढोलाचा धडाका आणि जगावरचा राग. त्या गायकाचा दात पहिल्याच वर्षी माईकवर आपटून फुटला होता, आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक "स"मधून बारीक शिट्टी निघायची. सगळ्यात गाजलेलं गाणं एकाच शब्दावर संपायचं, "बस्स!" तो शब्द तो ताणायचा आणि शिट्टी पार छताला भिडायची. "मी दातांचंच काम शिकणार," असं ताईंनी वडिलांना ठणकावून सांगितलं होतं, ते धीर यावा म्हणून ही कॅसेट दोनदा ऐकून. आणि तीच शिट्टी त्यांनी स्वतःच्या हातांनी बुजवली होती.

"अहो, मी त्याचा आवाज मारला," संध्याकाळी त्या यजमानांना म्हणाल्या. यजमान निवृत्त बस कंडक्टर. बेल बिघडली की दोन बोटांच्या शिट्टीवर गाडी सोडायचे, आणि ती शिट्टी पुढच्या थांब्यापर्यंत ऐकू जायची अशी ख्याती होती.

"माणूस नीट जेवतोय ना?" ते म्हणाले. "मग झालं तर."

"तुम्हाला नाही कळायचं."

"नाही कळायचं, पण झोप तर माझीही उडालीय ना तुझ्यामुळे!"

दात बदलून देऊ का, असं विचारल्यावर डॉक्टरांनी तर हातच झटकले. पेशंट खूश आहे, उगाच कशाला उकरून काढता, म्हणाले. पण ताई साचे लगेच फेकत नाहीत. त्यांनी चारशे बारा फळीवरून खाली काढला आणि स्वतःच्या हौसेने दुसरी कवळी करायला घेतली. फट ठेवली. कानशीने उजव्या दाताचा कोपरा उडवला. जन्मभर दोष काढणाऱ्या हातांना दोष घालायला तीन रविवार लागले.

बँडचा कार्यक्रम जाहीर झाला, तोही दुपारी चारचा. गायक सत्तरीचा, ढोलवाल्याची कंबर धरलेली, जागरण झेपणार कुणाला? ताईंनी दोन तिकिटं काढली. पर्समध्ये कवळीची डबी, शेजारी यजमान, यजमानांच्या कानात कापूस.

हॉल भरला होता. चामड्याची जाकिटं होती, पण पोटावर एकाचंही बटण लागत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी उरलेसुरले केस हिरवे रंगवले होते आणि जिना चढताना बायकोचा हात धरला होता. यजमान कापूस सारून कुजबुजले, "अगं, हे तर सगळे आपल्यातलेच!"

दिवे गेले आणि धडाका सुरू झाला. ताईंचा जीव कानांत गोळा झाला होता. पहिलं गाणं झालं. शिट्टी नाही. दुसरं, तिसरं, नाही. शब्द स्वच्छ, खणखणीत, बातम्या वाचल्यासारखे. डबी त्यांनी मुठीत घट्ट धरली. कार्यक्रम संपला की आत जायचं, पाय धरायचे, डबी द्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

शेवटी ते गाणं आलं. सगळा हॉल उभा राहिला. गायकाने श्वास भरला आणि ओरडला, "बस्स!"

शब्द सरळ गेला आणि सरळच विरला. वाद्यं थांबली.

गायक हसला, चांगले दात दाखवून. "शिट्टी गेली," तो म्हणाला. "आठवण येते, खोटं कशाला बोलू? पण मंडळी, अकरा वर्षं हलत्या दातांनी मी सगळं कुस्करून खात होतो, लोकांपासून तोंड फिरवून. हे दात बसले त्या दिवशी अख्खं सफरचंद खाल्लं आणि सफरचंद हातात धरून रडलो. ज्यांनी केले त्यांना मी ओळखत नाही. इथे असतील तर त्यांनी ऐकावं, फार छान बसलेत." मग त्याने माईक लोकांकडे वळवला. "शिट्टी आज तुम्ही मारा."

लोक फू फू करू लागले. अर्ध्यांच्या तोंडातून नुसती हवा. तेवढ्यात ताईंच्या कानाशी अशी कडक शिट्टी वाजली की हिरव्या केसांचे गृहस्थ दचकून खाली बसले. यजमान दोन बोटं तोंडात घालून उभे होते, डोळे मिटून, गाडी सोडत असल्यासारखे. वर गायकाने हात उंचावला आणि धडाका पुन्हा सुरू झाला. ताई रडत होत्या आणि त्यांना ते लपवावंसं वाटत नव्हतं.

बाहेर आल्यावर यजमान म्हणाले, "डबी द्यायची राहिली की."

"राहू दे," ताई म्हणाल्या. "त्याला सफरचंद खाऊ दे."

सोमवारी नवा साचा आला, चारशे एकोणसाठ. वरच्या ओळीत एक दात शेजाऱ्यावर चढून बसलेला. ताईंनी सवयीने मेण गरम करायला ठेवलं, मग वाटी बाजूला सारली आणि दवाखान्यात फोन लावला.

"डॉक्टर, तो वाकडा दात सरळ करायचा का?"

"म्हणजे काय ताई? हे काय विचारणं झालं?"

"तुम्हाला नाही विचारत. त्यांना विचारा."

पलीकडे डॉक्टर वैतागून कुणाशी तरी बोलले. पेशंट अजून तिथेच असावा. मग फोनवर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "कोण बोलतंय? माझे दात तुम्ही करणार का?"

"हो," कवळीताई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून बसल्या. "मीच करते. बोला."