आक्कांची कवळी आणि भावाचं शून्य

आमच्या जिन्यात आवई उठली होती की आक्कांना समाधी लागली. महिनाभर बाई कोणाशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या, काही विचारलं की तोंडावर रुमाल धरून मान डोलवायच्या. खरं एवढंच होतं की कवळी तडकली होती आणि बोळकं दाखवायची त्यांना लाज वाटत होती.

कवळी दिली होती धाकट्या भावाकडे. कवळ्या बनवणं हाच त्याचा धंदा. आई गेल्यावर आक्कांनीच त्याला घास भरवून वाढवलेलं. पण हल्ली भाऊराय ध्यानाला बसत होते. बुद्धांची शून्यता त्यांना उमगली होती, आणि उमगलेलं पोटात ठेवणं काही त्यांना जमत नाही, म्हणून दर रविवारी ध्यानाचा वर्गही घेत. आक्कांनी कवळीचा विषय काढला की हे डोळे मिटत.

"चावणारा कोण, आक्का? आधी त्याला शोध."

आक्का दुधात पाव कुस्करून गिळायच्या. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. भाऊ ओढून न्यायचा म्हणून त्याही ध्यानाला बसायच्या. डोळे मिटले की भूक दिसायची. यायची, वाढायची, ओसरायची, परत यायची. त्या बघत राहायच्या.

एका रविवारी भाऊरायांनी वर्गातल्या नवख्यांसमोर आक्कांच्या हिरड्यांचा साचा उंच धरला.

"ही पोकळी बघा. ही आपली आपण झालेली नाही. जबडा टेकला म्हणून झाली. आपला 'मी' असाच. शोधायला जा, हाती काही लागत नाही. मी किती महिने शोधतोय, सापडलेला नाही."

बोलतो मात्र झकास! माणसं माना डोलवायला लागली. मग त्याने पहिल्या रांगेत बोट दाखवलं. "ही माझी बहीण. दात गेले, त्यांच्यामागे वासनाही गेली."

आक्का उठल्या. रुमाल बाजूला केला.

"वासना कुठली जाते?" त्या फसफसत म्हणाल्या. "याने कवळी अडकवून ठेवलीये. मी रोज उपाशी निजते."

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग अख्खी खोली हसली. भाऊराय कानापर्यंत लाल झाले.

"माझा अपमान? माझ्या वर्गात? माझ्या हातची कवळी आता जन्मात मिळायची नाही तुला!"

त्याने साचा फरशीवर आपटला. तुकडे आक्कांच्या पायाशी आले. त्यांनी त्यातला एक उचलला, भावाकडे नीट पाहिलं.

"हा बघ, सापडला," आक्का म्हणाल्या. "इतके महिने शोधत होतास ना?"