डब्यावर किती लिहायचं

इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या ओळीत एका दुकानाच्या पायरीवर बसून मी जन्मभर भांड्यांवर नावं टाकली. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण अक्षर असं की गिऱ्हाईक दुकानदाराला सांगायचं, भांडं कोणतंही द्या, नाव मात्र बाहेरच्या माणसाकडूनच टाकून द्या. ही बढाई नाही. कोणाला वाटली तर माझी हरकतही नाही.

लोक मजकूर कागदावर लिहून आणत. लग्नाचा आहेर असला की त्यात मामा, मामी, त्यांची पोरं, गाव, तारीख, शुभाशीर्वाद, सगळं आलं. आणि भांडं म्हणाल तर वाटी. एका बाईला मी विचारलं होतं, "बाई, या वाटीत वरण वाढायचं हाय का नुसती वाचत बसायची?" ती आधी रागावली, मग दुकानदार हसला तशी तीही हसली. मी काठावर अंगठा ठेवत ठेवत मोजायचो आणि सांगायचो, इथं चार शब्द बसतात, पाचवा घेतला तर सगळेच चिरडतील. कोणते चार ठेवायचे ते तुम्ही ठरवा. मग घरची मंडळी तिथंच पायरीवर भांडत. बहुतेक वेळा आधी मामी निघायची.

मेलेल्या माणसाच्या भांड्यावर मात्र भांडण नसायचं. आमच्याकडे तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, आल्या-गेल्याला भांडं देतात. त्यावर 'कै.', मग नाव, मग 'यांच्या स्मरणार्थ'. हात आपोआप चालायचा. कोण गेलं, कसं गेलं, मी कधी विचारलं नाही.

या उन्हाळ्यात माझी बायको गेली.

आजारी होती, पण जाण्याइतकी नव्हती. सकाळी म्हणाली, कूलरमध्ये पाणी भरा. मी बादल्या ओतून आत आलो, तर ती नव्हती.

तेरवीला झाकणाचे स्टीलचे डबे द्यायचे हे मुलानं ठरवलं. तो शिकलेला, कचेरीत आहे. मजकूरही त्यानं मोबाईलवर तयार केला होता. मला वाचून दाखवला. त्यात ती त्यागमूर्ती होती, वात्सल्याचा सागर होती, नातवंडांचा आधारवड होती. मजकुराखाली मोबाईल शब्दही मोजून दाखवत होता, पन्नासच्या वर गेले होते. मी विचारलं, हे डब्यावर बसणार कसं? तो म्हणाला, बर्डीच्या बाजारात एक कॉम्प्युटरवाला आहे, अक्षर बारीक करून डब्याला पुरा वेढा देऊन बसवतो. मी म्हणालो, तिच्या डब्यावर दुसरा कोणी नाव टाकणार नाही. नाव टाकायचं मशीन घरात आहे, हात शाबूत आहे.

"मग लिहाल काय?"

"नाव अन् आडनाव."

"अन् बाकी?"

"बाकी काय? ज्याले माहीत हाय त्याले माहीत हाय."

त्यानं मोबाईल खिशात ठेवला. मग हळूच म्हणाला, "बाबा, इतक्या वर्षांचा संसार तुम्ही दोन शब्दांत उरकून राहिले. काहून?"

मी उठून मशीन काढायला गेलो. उत्तर होतं, पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

डबे आले तेव्हा मी अंगणात सावलीत बसलो, मशीनची पिन लावली, पहिला डबा मांडीवर घेतला. आणि सवयीनं नावाआधी 'कै.' टाकायला गेलो, तर हात उठेना. केवढासा तो शब्द, एक अक्षर आणि एक टिंब. किती घरांच्या भांड्यांवर मी तो टाकला असेल. मशीन घुं घुं करत राहिलं आणि मी कोऱ्या डब्याकडे पाहत राहिलो. शेवटी तो शब्द सोडून दिला. नाव टाकलं, आडनाव टाकलं, आणि असं मधोमध टाकलं की आधी काही जोडलं तर डोळ्यात खुपावं. एक झाला तसे सगळे केले. मुलगी चहा घेऊन आली, तिनं डबा फिरवून पाहिला. "बाबा, आईच्या नावाच्या आधी..." एवढं म्हणाली आणि थांबली. माझ्याशी बोलून उपयोग नसतो हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

तेरवी झाली, डबे घरोघरी गेले.

इथं आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या सगळ्या भांड्यांवर तिचंच नाव आहे. लग्न झालं त्या वर्षी मी हौसेनं टाकलं होतं. माझी आई टोमणा मारायची, "बापाचं नाव टाकाले लाज वाटते का गा, बायकोचं मिरवून राहिला." पण मी कोणाचं ऐकतो? त्याच डब्यांतून तिनं जन्मभर गल्लीत पदार्थ पाठवले. पुडाच्या वड्या, सांडगे, कैरीचं लोणचं. ज्याचं नाव त्याच्या घरी डबा परत जातो, आणि तो रिकामा जात नाही, काही नसलं तर मूठभर साखर तरी घालतात. तिच्या नावाचा डबा फळीवर दिसला की तो परत द्यायचा, एवढं आमच्या गल्लीत बायांना पाठच होतं.

तेरवीनंतर दोनेक महिन्यांनी शेजारची सून आली. तेरवीच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी होती, सावनेरला. आता बाळाला घेऊन परत आली होती. हातात तेरवीचा डबा.

"काकाजी, काकूचा डबा आमच्याकडे राहून गेला होता," ती म्हणाली. "आता त्या नाहीत. त्यांची वस्तू ठेवून घेणं बरं नाही वाटत."

डब्यात डिंकाचे लाडू होते, तिच्या आईनं बाळंतिणीसाठी दिलेल्यांतले. मी म्हणालो, बरं केलं आणून दिलास. तिला खरं काय ते सांगितलं नाही. लाडू काढले, डबा धुतला आणि बायकोच्या बाकीच्या डब्यांच्या रांगेत ठेवला.

मग कोपऱ्यावरच्या घरून एक आला, त्यात तुरीची डाळ; तेरवीला त्या घरचा पुरुष आला होता, बाईला डब्याचं माहीत नव्हतं. मग आणखी एक, मुरमुऱ्याचा चिवडा घालून. तोही मी मुकाट्यानं घेतला. एका रविवारी मुलगा भेटायला आला, त्यानं फळीवर नवे डबे पाहिले आणि त्याच्या लक्षात आलं. वाटलं होतं चिडेल. चिडला नाही.

"तुम्ही डब्यावर असं लिहिलं बाबा," तो म्हणाला, "जसं का आई अजून हायेच."

मीच चिडलो. त्याच्या मोबाईलला नको नको ते बोललो. पण तो गेल्यावर दुपारभर फळीसमोर बसून होतो. खरं तर डबे परत येत होते ते मला बरं वाटत होतं. कडी वाजायची आणि कोणीतरी दारात उभं राहून तिचं नाव घ्यायचं. दुसऱ्या कशानं ते होत नव्हतं. पण डबे दिले होते ते चार घरांत तिची आठवण राहावी म्हणून. एकेक करून सगळे माझ्याच फळीवर येऊन बसले तर गल्लीत तिचं काय राहील? माझ्या दोन शब्दांनी मी तिला घरोघरून परत बोलावून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी डबा आणि मशीन घेऊन मी शेजारी गेलो. सून एकटीच होती, बाळ झोळीत झोपलेलं.

"पोरी, हा डबा तुमचाच हाय," मी म्हटलं. "तुझी काकू मेली, म्हणून तेरवीले दिला होता."

हे वाक्य तोवर माझ्या तोंडून निघालं नव्हतं. फोन सगळे मुलानंच घेतले होते, आलेल्या माणसांशी तोच बोलला होता.

ती ओशाळली. "मले समजलंच नाही काकाजी. नुसतं नाव होतं."

"हो वं. नुसतंच होतं."

मी तिला बोर्ड कुठं आहे विचारलं. स्वयंपाकघरात ओट्याजवळ पिन लावली, तिथंच पाटावर बसलो. तिनं डबा दोन्ही हातांनी आडवा धरला. नावाच्या खाली जागा होती. 'स्मरणार्थ' हा शब्द मला नको होता, तो मी दुसऱ्यांसाठी फार लिहिला, आणि बायकोच्या तोंडी तो कधी आला नसता. मी 'यांच्या आठवणीत' टाकलं. आवाजानं बाळ हाललं, पण उठलं नाही. शेवटच्या अक्षराशी रेघ वाकडी गेली. स्टीलवर ते पुसता येत नाही.

तिनं पदरानं कीस झटकला आणि वाचलं. आधी काकूचं नाव, मग आडनाव, मग खालचे दोन शब्द, एका दमात, हळू आवाजात. मग डबा फळीवर ठेवला, नाव समोर येईल असा, आणि चहा ठेवू का म्हणून विचारलं.

मी ठेव म्हणालो. ते दोन शब्द टाकायची बाकीची घरं पुष्कळ होती, पण त्या दिवशी माझ्यानं पुढच्या दारी जाणं झालं नाही.