हैदराबादी परवा

हैदराबादच्या मराठी माणसाला ‘परवा’ म्हणजे नेमकं कधी, हे विचारू नये. इथल्या ‘परसों’ची सवय आमच्या जिभेला कधीच लागून गेली आहे. मागच्या आठवड्यातलं बारसं परवा, आणि नवरा जाऊन दोन वर्षं झाली तरी तेही परवाच. या एका शब्दापायी माझा जीव टांगणीला लागला होता.

नवरा ज्या आजाराने गेला, तो एचआयव्ही माझ्याही रक्तात निघाला. सरकारी दवाखान्यात गोळ्या तेव्हा नुकत्या फुकट मिळू लागल्या होत्या. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, जन्मभर. शहराच्या त्या टोकाला काचेच्या इमारती उठत होत्या आणि इकडे मलकपेठेत मी गजराच्या घड्याळापुढे मान तुकवत होते. एकादशी असो नाहीतर सर्दी-पडसं, गोळी घ्यायचीच. शेजारणीने ताकदीचं चूर्ण दिलं, तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात घातलं नाही. मी मुळातच हट्टी. जगायचं ठरवलं म्हणजे ठरवलं.

गोळी चुकली ती एकदाच. घरात सासूबाईंना सगळं ठाऊक होतं, बाहेर कुणालाच नाही. म्हणून मी गोळ्या बाटलीतून काढून जिऱ्याच्या डब्यात ठेवत असे. गौरी जेवल्या त्या दिवशी स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं, डबा फळीवर, आणि मी पुरण वाटतेय. संध्याकाळची गोळी राहिली ती राहिलीच. आठवलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. दोन एकदम कधीही घ्यायच्या नाहीत, हे पक्कं सांगितलेलं होतं. आठला एकच घेतली आणि दिवसभर स्वतःला शिव्या दिल्या.

पुढच्या महिन्यात नव्या डॉक्टर आल्या, पुण्याच्या. मला कोण आनंद! इतके दिवस मोडक्या तेलुगूत दुखणं सांगून कंटाळले होते. त्यांनी विचारलं, “ताई, गोळी चुकली का कधी?” मी इमानदारीत म्हटलं, “हो, परवा एक.” त्याच्या पुढच्या महिन्यात तोच प्रश्न, माझं तेच उत्तर. उरलेल्या गोळ्या मोजायला त्या बाटली आणायला सांगत. मी धुऊन-पुसून रिकामी बाटली नेई. तिसऱ्या खेपेला निरोप आला, घरातल्या असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या घेऊन या.

गेले तर डॉक्टरांनी माझी फाइल उघडून समोर ठेवली. दोन ठिकाणी लाल खूण. “ताई, प्रत्येक वेळी येण्याच्या दोन दिवस आधी तुमची गोळी चुकते. असं केलंत तर या औषधाचा उपयोग होईनासा होईल. याच्या पुढचं औषध आपल्याकडे नाही.”

माझं डोकं तापलं. “कोण म्हणतं प्रत्येक वेळी? एकदाच चुकली. परवा!”

“बघा, आत्ताही परवाच म्हणताय!”

वजन करणाऱ्या सिस्टर तोंडाला पदर लावून हसू लागल्या. “मॅडम, ये हैदराबाद का परसों है. मेरी शादी बी परसोंच हुई. बच्ची दसवीं में है!”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मग तुमचं परवा म्हणजे कधी?”

“गौरी जेवल्या तेव्हा.”

मी पिशवीतून डबा काढून टेबलावर पालथा केला. जिऱ्याचा वास खोलीभर पसरला. सिस्टरनी आणि डॉक्टरांनी मिळून गोळ्या मोजल्या, फाइलशी ताडून पाहिल्या. एक जास्त निघाली. एकच. डॉक्टरांनी लाल खुणा खोडल्या आणि मग मला झापलं ते डब्यावरून: “गोळ्या बाटलीतच ठेवायच्या, झाकण घट्ट लावून. ओल लागली तर काय कराल?” ती चूक माझीच होती.

मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट उघडला. रोगाशी लढणाऱ्या सीडी-फोर पेशींचा आकडा औषध सुरू करताना दोन आकडी होता. आता तीन आकडी, आणि तोही भरघोस. “हेच औषध चालू ठेवायचं,” त्या म्हणाल्या. मी तिथेच हुंदके देऊन रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

बाहेर पडून चालत कोठीच्या बाजारात आले. फुटपाथवर नव्या वर्षाची कॅलेंडरं लटकत होती. नवरा गेल्यापासून मी कॅलेंडर घेतलंच नव्हतं. कशाला, असं वाटे. विकणाऱ्याने आधी छोटं, तीन-तीन महिन्यांची पानं असलेलं पुढे केलं. मी नको म्हटलं. भिंतीवरच्या मोठ्याकडे बोट दाखवलं.

“वो बड़ा है, अम्मा. एक-एक दिन का अलग पन्ना.”

“वोइच होना,” मी तेच हवं म्हणून हट्ट धरला. “एक-एक दिन होना मेरे कू.”