पेट्यांच्या पायाखालचं पाणी

"सर, विषच घातलंय त्यानं. तुमी लिवून द्या, मी पोलिसात जाते."

कशेळे गावाजवळ, सुरेखाताईंच्या घरामागे, मधमाश्यांच्या पेट्या आहेत. त्यांच्यासमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. मी मधमाशीपालनाचा फील्ड ऑफिसर, कारण शोधायला कर्जतहून आलेलो. 'त्यानं' म्हणजे शेजारच्या काकडीवाल्या महादूनं. तो ताईंचा चुलत दीर. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीची हळद होती, आणि ताईंनी तिकडे पाऊल टाकायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. आता महादूकडे पोलीस जाणार की ताई जाणार, ते माझ्या रिपोर्टवर होतं.

पेटी उघडली. मेणकिड्याची जाळी नाही. अळ्या पांढऱ्याशुभ्र, म्हणजे रोग नाही. मध होता, म्हणजे उपासमारही नाही. मेलेल्या माश्यांच्या जिभा तेवढ्या बाहेर आलेल्या. विषबाधेत बहुतेक असंच दिसतं.

साहेबांना फोन लावला.

"मग फवारणी लिहा आणि या परत."

"कोणी केली, कधी केली, ते नको बघायला?"

"तुम्हाला ना, सगळ्या जगाचा संशय!"

आहेच. या नोकरीत मला खरं कोण सांगतं?

महादू बांधावरच उभा होता. मला बघून त्याने फवारणीचा पंप गवताकडे सरकवला. झालं, माझं डोकं फिरलं.

"फवारलंस?"

"नाय."

"मग पंप ओला कसा रे?"

त्याने पंपावरचा हात काढला. मग म्हणाला, "फवारलं. पण काल दिवेलागणीला, माश्या घरात गेल्यावर. तुमीच मीटिंगमधी सांगितलेलं. आता अख्खा गाव माज्याकडं बघतोय सर, म्हणून खोटं बोललो."

माझा काही विश्वास बसला नाही. काकडीच्या वेलांत जाऊन बसलो. फुलाफुलावर माश्या मजेत काम करत होत्या. खाली एकही मेलेली नाही. हे काही जुळेना.

परत येऊन पेट्यांपाशी बसलो. पेट्या चार पायांच्या लाकडी घोडीवर ठेवतात आणि मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत असतो. ऊन चढलं तशा माश्या त्याच वाट्यांवर उतरून पाणी प्यायला लागल्या. थोड्या वेळाने त्यातल्याच काही जमिनीवर गरगरताना दिसल्या. वाटीतलं पाणी गढूळ होतं.

"ताई, यात काय घातलंय?"

"पाणी आटलं की मुंग्या चढतात वो. म्हणून पावडर कालवली."

"कसली पावडर?"

"मुंग्यांची! माश्यांना काय व्हतंय? डब्यावर मुंगीच काढलेली हाय." एवढं बोलल्या आणि त्यांचं लक्ष गरगरणाऱ्या माश्यांकडे गेलं. "अगं बाई, मीच मारल्या गं!" मग हमसून रडल्या. मलाही वाईट वाटलं.

महादू बांधावरून सगळं ऐकत होता. आत आला, वाट्या लांब नेऊन ओतल्या, घासल्या, आपल्या विहिरीचं पाणी भरलं.

"वहिनी, रडणं पुरं. उद्या हळदीला या. आणि ती पावडर तेवडी घरीच ठेवा."

ताई हळदीला गेल्या. निम्म्या पेट्या वाचल्या. रिपोर्ट वाचून साहेब म्हणाले, "फवारणी लिहिलं असतंत तर फाईल लवकर मिटली असती." खरंच मिटली असती, आणि उरलेल्या माश्याही मेल्या असत्या.

तेव्हापासून विषाची तक्रार आली की मी पहिला संशय तक्रार करणाऱ्यावरच घेतो.