पऱ्हाटीच्या फुलातला कोळी

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, गुलाबी पडलेलं फूल दिसलं, की वणीकडचं आमचं वावर आठवतं. सासर सोडून आलेली आत्या माझ्यासोबत तण निंदत होती. कपाशीच्या फिकट पिवळ्या फुलात तसाच पिवळा कोळी खेकड्यासारखे पाय पसरून बसला होता. मधमाशी उतरली, ती पुन्हा उडालीच नाही. दुसऱ्या दिवशी फूल नेहमीसारखं गुलाबी झालं आणि कोळी उघडा पडला. दुपारी तो शेजारच्या ताज्या, पिवळ्या फुलात दिसला. आत्या बराच वेळ पाहत राहिली. संध्याकाळी वडील तिला म्हणाले, "उद्याच्या गाडीनं सासरी जाय." ती म्हणाली, "मी नाही जात." आज ते वावर आत्याच पाहते. कोळ्याचं विचारलं तर म्हणते, "कोणता कोळी? मी तं निंदून राह्यली होती."