एकतीस मार्चचं कुलूप

नागपुरात सदरमधल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नव्या विद्यार्थ्याची पहिली भाषा उन्मेष सरच ठरवत. ती एकच असे: पायथन. शिकायला सोपी, नोकरीला उपयोगी. जानेवारीत बावन्न वर्षांच्या सुहासिनीबाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, “मला फॉक्सप्रो शिकायचंय.”

मागे कोणीतरी हसलं.

“काकू, ती भाषा संपली. फॉक्सप्रो म्हणजे नागपूरहून मुंबईला बैलगाडीनं निघणं.”

“मला मुंबईला जायचंच नाही, सर. भिवापूरला जायचंय.”

भिवापुरात चंपतरावांचं मिरचीचं गोदाम आहे. तिथली वजनं आणि बिलं सुहासिनीबाईंचे पती सुमंत यांनी फॉक्सप्रोत लिहिलेल्या प्रोग्रामवर चालत. सुमंत एकटेच काम करत. गिऱ्हाइकानं वर्षाची फी विसरू नये म्हणून त्यांनी प्रोग्रामला कुलूप घातलं होतं. एकतीस मार्चला तो बंद पडायचा आणि सुमंत जाऊन उघडून द्यायचे.

नोव्हेंबरात सुमंत हृदयविकारानं गेले. बाकीची गिऱ्हाइकं आधीच नव्या सॉफ्टवेअरकडे वळली होती. चंपतराव तेवढे उरले. रोज सकाळी त्यांच्या स्क्रीनवर सुमंतनी लिहिलेली ओळ येई: ‘राम राम चंपतराव. चहा झाला का?’ ‘हो’ दाबलं की काम सुरू. सुमंत अजून रोज कोणाशी तरी बोलत होते, ते एवढ्या एकाच ठिकाणी. मार्चअखेर तेही थांबणार होतं.

हे सगळं सुहासिनीबाईंनी सरांना सांगितलं.

“आधी पायथन,” सर म्हणाले. “पाया पक्का झाला की ते सहज वाचाल. तोवर त्या प्रोग्रामच्या फायली उघडू नका, गोंधळ होईल.”

त्यांनी उघडल्या नाहीत. क्लास एकदाही चुकवला नाही. अडलेली पोरं सरांच्या आधी काकूंकडे यायला लागली. शेवटी वाचनालयासाठी प्रोग्राम लिहायचा क्लासचा प्रोजेक्ट आला आणि तो मार्चच्या पुढे लांबला.

एप्रिल उजाडताच चंपतरावांचा फोन आला. “वहिनी, मशीन तं उघडूनच नाही राहिली.”

“थोडं थांबा भाऊजी. मी शिकतेय.”

“तुमी?” ते हसले. “सीझन आहे ना वहिनी. मालाच्या गाड्या उभ्या आहेत.”

प्रोजेक्ट देऊन त्या घरी आल्या आणि सुमंतचा कॉम्प्युटर लावला. कुलूप दोन ओळींचं होतं. आजची तारीख दिलेल्या तारखेच्या पुढे गेली, तर बंद हो. क्लासमध्ये अशी अट दुसऱ्याच आठवड्यात शिकवली होती.

त्यांनी भिवापूरला फोन लावला.

“आता तं नवीन घेतलं, वहिनी. नातीनं, वैभवीनं, मोबाइलवरच बसवून देल्लं. जुना डब्बा भंगारवाल्याले देल्ला. तुमी काहून तरास घेतला?”

“नाही, सहज विचारलं,” त्या म्हणाल्या.

सरांनी विचारलं तेव्हा त्यांनी ‘उघडलं’ एवढंच सांगितलं. सर खूश झाले. पायथन आधी का, हे पटवायला ते आता नव्या बॅचला काकूंचं उदाहरण देतात.

त्या दिवशी भिवापूरचा फोन ठेवल्यावर सुहासिनीबाईंनी तारीख वर्षभर पुढे सरकवली आणि प्रोग्राम घरच्याच कॉम्प्युटरवर सुरू केला. ‘राम राम चंपतराव. चहा झाला का?’

गोदामात कायम ‘हो’च दाबलं जाई. त्यांनी ‘नाही’ दाबलं.

‘मग घेऊन या,’ स्क्रीनवर आलं. ‘मी थांबतो.’